एरंडी, संत्रं आणि फोमची गादी

भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात १९८४ पर्यंत जे कीटकनाशक बनत होतं आणि आज पांढुर्णा-सौंसरच्या बाजारात फोमच्या ज्या गाद्या विकल्या जातात, त्या दोहोंत एक रासायनिक बंध सारखा आहे. गादीच्या बाबतीत त्याला युरेथेन म्हणतात, कीटकनाशकाच्या बाबतीत कार्बामेट. कारखान्यात तो जोडण्याची रीतही एकच. आयसोसायनेट नावाचा अत्यंत उतावळा अणुगट अल्कोहोलच्या हायड्रॉक्सिल गटाला भेटला की दोघे चिकटतात आणि मध्ये हा बंध तयार होतो. भोपाळात मिथाइल आयसोसायनेट नॅफ्थॉलशी जोडून सेव्हिन हे कीटकनाशक बनवत. त्याच्या एका रेणूत हा बंध एकदाच येतो. गादीच्या फोममध्ये तोच बंध एका अवाढव्य जाळ्यात पुन्हा पुन्हा येतो, म्हणून ते पॉलियुरेथेन.

हे साम्य सांगताना एक गोष्ट लगेच स्पष्ट करायला हवी. गादीतून भोपाळचा वायू बाहेर पडत नाही आणि फोमच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट वापरतही नाहीत. तो द्रव ३९ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याची वाफच व्हायची. फोमसाठी लागणारं टोल्युइन डायआयसोसायनेट, म्हणजे टीडीआय, सुमारे २५० अंशांना उकळतं, आणि एमडीआय हा त्याचा भाऊ तर त्याहूनही कमी उडणारा. आपल्या देशात टीडीआय गुजरातमधल्या जीएनएफसीत तयार होतं. पण घराणं एकच आहे. ही आयसोसायनेटं बनवायला आजही मुख्यतः फॉस्जीन हा विषारी वायू लागतो, आणि त्यांच्या वाफेत किंवा फवाऱ्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना दमा जडतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. म्हणूनच युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून प्रशिक्षण घेतल्याशिवाय कामगाराला ही रसायनं व्यवसायात हाताळता येत नाहीत. मध्य प्रदेशात राहणाऱ्या माणसाने या घराण्याबद्दल अधिक जागरूक असावं, यात गैर काय?

पॉलियुरेथेनचा शोध १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. कल्पना साधी होती: दोन्ही टोकांना आयसोसायनेट असलेला एक रेणू घ्यायचा, दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल असलेला दुसरा घ्यायचा आणि साखळी वाढू द्यायची. या दुसऱ्या रेणूला पॉलिऑल म्हणतात. पॉलिऑल लांब आणि लवचीक घेतला तर गादी होते, आखूड आणि अनेक टोकांचा घेतला तर फ्रीजच्या भिंतीतला कडक फोम होतो. बुटाचा तळवा, ट्रॅक्टरची सीट, लाकडावरचं चकचकीत पॉलिश, मोटारीचा डॅशबोर्ड सगळीकडे हेच. ताणलं की लांबणारं आणि सोडलं की जागेवर येणारं स्पँडेक्स, ज्याला आपण लायक्रा म्हणतो, तेही पॉलियुरेथेनचाच धागा. तो १९५८ साली ड्यूपाँटमध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी बनवला.

फोम फुगतो कसा, हे कळलं की या रसायनाचा स्वभाव कळतो. आयसोसायनेटला पाणी भेटलं की त्याचं अमाइन होतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. गादीच्या मिश्रणात मोजून पाणी घातलेलं असतं. त्यातून सुटलेल्या वायूचे बुडबुडे घट्ट होत जाणाऱ्या द्रवात अडकतात आणि ठोकळा वर चढत जातो. या क्रियेत भरपूर उष्णताही बाहेर पडते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या टाकीत पाणी शिरलं तेव्हा सुरुवात याच क्रियेने झाली. पुढे उष्णतेने आणि गंजातून आलेल्या लोहाने मिथाइल आयसोसायनेटचे तीन-तीन रेणू एकमेकांना जोडले जाऊ लागले, त्यातून आणखी उष्णता आली, आणि उरलेला साठा उकळून शहरावर गेला. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखालच्या भारतीय शास्त्रज्ञांनी टाकीतल्या अवशेषांचं पृथक्करण करून डिसेंबर १९८५ च्या अहवालात हे मांडलं. तीन आयसोसायनेटं जोडण्याची ही क्रियाही इन्सुलेशनच्या फोममध्ये मुद्दाम, आवरात ठेवून वापरतात. क्रिया एकच, पण कारखान्यात ती मोजूनमापून आणि गरजेपुरती घडवली जाते. ते मापात ठेवण्याचं काम बऱ्याच अंशी उत्प्रेरक करतो, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

फोमवाले दोन जातींचे उत्प्रेरक वापरतात. एक तृतीयक अमाइनं, जी पाण्याशी होणाऱ्या क्रियेला जास्त वेग देतात. दुसरी कथिलाची सेंद्रिय संयुगं, उदाहरणार्थ डायब्युटाइलटिन डायलॉरेट किंवा स्टॅनस ऑक्टोएट. ती युरेथेनचा बंध जोडायला वेग देतात. दोघांचा तोल साधला नाही तर ठोकळा एक तर फुगून बसतो किंवा आतून फाटतो. यातली कथिलाची काही संयुगं शरीराच्या प्रतिकारशक्तीला आणि प्रजननाला अपायकारक आहेत. म्हणून युरोपात २०१२ पासून ग्राहकवस्तूंतल्या डायब्युटाइलटिनवर मर्यादा घातली गेली. उत्प्रेरक फोममधून गाळून काढता येत नाही. तो गादीतच राहतो. मग प्रश्न येतो तो हा: सजीवांचे उत्प्रेरक, म्हणजे एन्झाइम, शाळेच्या पुस्तकातली विकरं, कथिलाच्या जागी बसवता येतील का?

सरळ अर्थाने विचारलं तर उत्तर नाही असं आहे, आणि ते का हे समजणं महत्त्वाचं आहे. एन्झाइम हे प्रथिन आहे. त्याला आपला आकार टिकवायला थोडं तरी पाणी लागतं, आणि आयसोसायनेटला पाणी दिसलं की ते त्याच्याच मागे लागतं. दुसरं, प्रथिनाच्या पृष्ठभागावर लायसिन नावाच्या अमिनो आम्लाची टोकं बाहेर आलेली असतात. ती अमाइनं आहेत, आणि आयसोसायनेट अल्कोहोलपेक्षा अमाइनशी कितीतरी वेगाने जुळतं. म्हणजे ज्याला मदत करायला एन्झाइम घातलं, तेच त्याला आपल्या जाळ्यात ओवून टाकतं. तिसरं, आयसोसायनेट आणि अल्कोहोल इतके उत्सुक असतात की त्यांना नाजूक मदतनीस लागतच नाही. सजीवांच्या रोजच्या चयापचयात आयसोसायनेटला जागा नाही, त्यामुळे त्याच्यासाठी घडलेलं एन्झाइम निसर्गात शोधणंही फोल.

यातल्या दुसऱ्या अडचणीचा मात्र एक सुंदर उपयोग झाला आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन रसेल यांच्या गटाने एन्झाइम मुद्दाम आयसोसायनेट असलेल्या मिश्रणात घातलं आणि फोम बनवला. लायसिनच्या टोकांनी एन्झाइम फोमच्या जाळ्यात कायमचं विणलं गेलं, आणि तरीही त्याचं काम शाबूत राहिलं. १९९८ साली त्यांनी दाखवलं की असा फोम युद्धातली मज्जाविषारी रसायनं मोडून काढतो. ही रसायनं आणि शेतात फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं एकाच कुळातली. फवारणीचा पंप धुतलेलं पाणी अशा फोममधून नितळून बाहेर पडावं, ही कल्पना कापूस आणि संत्र्याच्या पट्ट्यात तरी कुणी गांभीर्याने तपासावी अशी आहे.

आता मूळ मुद्दा. युरेथेनचा बंध जोडायचा म्हणजे आयसोसायनेटच हवं, असं मुळीच नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार शेंगेच्या बीमध्ये फायसोस्टिग्मिन नावाचं विष असतं आणि त्यात हाच कार्बामेट बंध आहे. त्या वेलीने तो फॉस्जीनशिवाय, आयसोसायनेटशिवाय, साध्या हवामानात जोडलेला असतो. कार्बामेट कीटकनाशकांचा विचारही याच विषाच्या अभ्यासातून पुढे आला. सेव्हिनसुद्धा मिथाइल आयसोसायनेट न वापरता बनवण्याची वाट रसायनशास्त्राला ठाऊक होती. बंध तोच ठेवून तिथवर जाण्याचा रस्ता बदलता येतो, आणि माझ्या मते पॉलियुरेथेनमध्ये एन्झाइमची खरी जागा या रस्ता बदलण्यात आहे. जो वेग कथिल देतं तोच एन्झाइमकडून मागणं हे त्याला चुकीच्या कामाला जुंपणं आहे.

रस्ता बदलायचं पहिलं ठिकाण पॉलिऑल. आणि इथे १९८४ हे साल पुन्हा येतं. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत अलेक्स झॅक्स आणि अलेक्झांडर क्लिबानोव्ह यांनी एक निबंध छापला: जवळजवळ कोरड्या सेंद्रिय द्रावकात, १०० अंश तापमानाला, लायपेज हे एन्झाइम काम करतं. लायपेज म्हणजे चरबी पचवणारं एन्झाइम. आपल्या पोटात ते तेलाचा एस्टर बंध पाण्याने तोडतं. पण पाणी जवळपास नसेल तर तीच क्रिया उलटी चालते आणि लायपेज एस्टर जोडू लागतं. एन्झाइम पाण्याबाहेर मरतं ही समजूत त्या निबंधाने मोडली. भोपाळच्या सहा महिने आधी हे छापून आलं होतं.

पुढच्या दशकात या कामासाठी एक लायपेज सगळ्यांच्या पुढे गेलं. ते एका यीस्टमधून आलं, आणि ते यीस्ट मुळात अंटार्क्टिकातल्या व्हांडा नावाच्या सरोवरातून मिळालं होतं. अशा गारठ्यातल्या जिवाचं एन्झाइम ७०-८० अंशांना तासन्‌तास टिकतं, याचं आजही आश्चर्य वाटतं. बारीक राळेच्या मण्यांवर बसवलेलं हे लायपेज डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने बाजारात आणलं. मणी मिश्रणात टाकायचे, काम झालं की गाळून घ्यायचे, पुन्हा वापरायचे.

पॉलियुरेथेनच्या मागे उभा असलेला पॉलिऑल काही वेळा पॉलिएस्टर असतो. ॲडिपिक आम्ल आणि ब्युटेनडायऑल किंवा हेक्सेनडायऑल एकत्र करून, २०० अंशांच्या आसपास तापवून, टायटेनियमच्या किंवा कथिलाच्या उत्प्रेरकाने तो बनवतात. उत्प्रेरक त्यातच राहतो आणि पुढे आयसोसायनेट घालताना आपला वेग मध्ये आणतो. काही वर्षांनी दमट हवेत एस्टर तुटायलाही तो मदत करतो. इंग्लंडमधल्या बॅक्सेंडेन केमिकल्स या कंपनीने १९९० च्या दशकात लिव्हरपूल विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांसोबत हाच पॉलिऑल लायपेजच्या मण्यांनी, सुमारे ६० अंशांना, विद्रावकाशिवाय आणि मोठ्या प्रमाणावर बनवून दाखवला. पाणी निर्वाताने ओढून घ्यायचं म्हणजे क्रिया मागे फिरत नाही. साखळ्या अधिक सारख्या लांबीच्या आल्या, आणि मणी गाळून टाकल्यावर धातूचा अंशही उरला नाही. पॉलियुरेथेनच्या उद्योगात एन्झाइमने मिळवलेला हा पहिला ठोस विजय. त्यात युरेथेनच्या बंधाला हात लागलेला नाही, तरीही मला तो मोठा वाटतो, कारण कथिलाची एक पायरी त्याने पूर्ण काढून टाकली.

मग लायपेजने थेट युरेथेनही जोडावा, असं कुणालाही वाटेल. प्रयत्न झाले, आणि ते जिथे अडले तिथेच या विषयातलं सर्वांत शिकण्यासारखं रसायन आहे.

लायपेजच्या मध्यभागी एक खाच असते. तिच्यात सेरीन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि त्याच्या जोडीला हिस्टिडीन आणि ॲस्पार्टिक आम्ल. तेलाचा रेणू आला की सेरीन त्याचा आम्लाकडचा भाग स्वतःवर घेतं, अल्कोहोल सुटून जातं, मग पाणी किंवा दुसरं अल्कोहोल येऊन तो भाग उचलून नेतं आणि खाच मोकळी होते. गावच्या वेशीतून एकामागून एक बैलगाड्या जाव्यात तसं. एस्टरच्या गाड्या सुळकन जातात. कार्बामेटची गाडी वेशीत शिरते खरी, पण तिचं चाक दगडाला अडकतं आणि मागची रांग खोळंबते. कारण सेरीनवर बसलेला कार्बामेटचा भाग पाण्याला दाद देत नाही. त्यातल्या नायट्रोजनच्या इलेक्ट्रॉनांमुळे तो फार स्थिर असतो.

कार्बामेट कीटकनाशक कीड मारतं ते याच अडकण्यामुळे. किडीच्या आणि आपल्याही मज्जातंतूंत ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम असतं. त्याच्याही मध्यभागी सेरीनच आहे. नसेतून संदेश गेला की ते ॲसिटिलकोलीनचा रेणू तोडतं, आणि सेरीनवर उरलेला ॲसिटिलचा भाग सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही लवकर मोकळा करतं. तिथे कार्बामेट बसलं की सुटायला अर्धा-पाऊण तास किंवा अधिक लागतो. तोवर नस पेटलेलीच राहते. ऑर्गॅनोफॉस्फेट तर त्याहून घट्ट बसतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा डॉक्टर ज्या विषबाधेशी झुंजत होते तिच्या मुळाशी बऱ्याच अंशी या एन्झाइमचं बंद पडणं होतं. पांढुर्ण्याच्या पराटीवर फवारा मारणारा माणूस आणि पॉलियुरेथेनसाठी एन्झाइम शोधणारा रसायनतज्ज्ञ, दोघांपुढचा प्रश्न सेरीनवरच्या त्या एका बंधाचा आहे.

म्हणून शास्त्रज्ञांनी वळसा घेतला. स्पेनमधल्या ओव्हिएदो विद्यापीठात विसेंते गोतोर यांच्या गटाने दाखवलं होतं की लायपेज कार्बोनेटला सेरीनवर घेऊ शकतं आणि अमाइन येऊन तो भाग उचलून नेतं. हाती कार्बामेट लागतं. म्हणजे कार्बामेट बनवून बाहेर ढकलायला लायपेज तयार आहे, ते पुन्हा आत घ्यायला नाही. जपानमधल्या केयो विद्यापीठात शुइची मात्सुमुरा यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या वर्षांत याच स्वभावाशी जुळवून घेतलं. युरेथेनचे बंध असलेला लहान रेणू आयसोसायनेटशिवाय आधी तयार ठेवायचा, आणि मग लायपेजकडून फक्त टोकं जोडून घ्यायची. जोड एस्टरचा किंवा कार्बोनेटचा. साखळीत युरेथेनही येतो आणि एन्झाइमला त्याच्या आवडीचंच काम मिळतं. आणखी मोठी गंमत म्हणजे अशी साखळी तेच लायपेज, थोडं पाणी किंवा द्रावक बदलून, पुन्हा लहान तुकड्यांत मोडूही शकतं.

आता आपल्या पट्ट्याकडे येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा निघालेला पांढुर्णा जिल्हा, त्यातल्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली, भाषेने आणि शेतीने नागपूरच्या बाजूच्या. संत्रं, कापूस, सोयाबीन, आणि बांधावर कुठे कुठे उगवलेली एरंडी. बोरगावला औद्योगिक क्षेत्र, तिथेच १९९१ पासून रेमंडची कापडगिरणी. इथे फोम बनवण्याचा कुठला मोठा वारसा नाही. पण पॉलियुरेथेनच्या नव्या वाटांचा कच्चा माल पाहिला तर तो जवळपास सगळा इथल्या शेतात दिसतो.

आधी एरंडी. एरंडीच्या तेलातलं ८५ ते ९० टक्के आम्ल रिसिनोलेइक असतं, आणि त्याच्या साखळीच्या मध्यात हायड्रॉक्सिल गट आपोआप असतो. म्हणजे एरंडीचं तेल जसंच्या तसं पॉलिऑल आहे. एका रेणूत सरासरी पावणेतीन हायड्रॉक्सिल. विजेच्या उपकरणांत भरायचं पॉलियुरेथेन आणि लेप यांसाठी ते पूर्वीपासून वापरलं जातं. जगातली बहुतांश एरंडी भारत पिकवतो, त्यातली बहुतेक गुजरातेत. पण ज्या गोष्टीचं मला सर्वांत अप्रूप आहे ती वेगळी. त्याच बीमध्ये लायपेजही असतं. रोप उगवताना आपलं साठवलेलं तेल तोडायला ते लागतं. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ रेनल्ड्स ग्रीन यांनी १८९० साली ते नोंदवलं, आणि १९०२ साली जर्मनीत कॉन्स्टाइन, होयर आणि वार्टनबर्ग यांनी एरंडीच्या वाटलेल्या बियांनी चरबी तोडून साबण-मेणबत्तीच्या उद्योगासाठी आम्लं काढण्याची पद्धत मांडली. किंचित आंबट पाणी, साधं तापमान, आणि वाटलेलं बी. पॉलिऑल आणि त्यावर काम करणारं एन्झाइम एकाच टरफलात. पेंडीत रिसिन हे जहाल विष असतं, म्हणून हे घरगुती खटपटीचं काम नव्हे, हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवं.

सोयाबीनच्या तेलात हायड्रॉक्सिल नसतो, पण दुहेरी बंध असतात. त्यांच्यावर ऑक्सिजन बसवून इपॉक्साइड करायचं, मग त्यात कार्बन डायऑक्साइड घालून चक्रीय कार्बोनेट करायचं, आणि त्याला अमाइन भेटवायचं. या मार्गाने युरेथेनचा बंध मिळतो, आयसोसायनेट कुठेच येत नाही, फॉस्जीन तर नाहीच. यातली पहिली पायरी एन्झाइम करू शकतं. कारखान्यात इपॉक्साइड करताना हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्ल आणि बरेचदा तीव्र गंधकाम्ल घालतात. त्यात बनलेला इपॉक्साइड उघडून वाया जाण्याची भीती असते आणि उष्णता आवरावी लागते. डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीत १९९० च्या सुमारास फ्रेड्रिक ब्योर्कलिंग आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की लायपेजच्या सेरीनवर बसलेलं मेदाम्ल पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडलाही देता येतं. मग पेरॉक्सी आम्ल तिथल्या तिथे, लागेल तेवढंच तयार होतं आणि तेच दुहेरी बंधावर ऑक्सिजन ठेवतं. गंधकाम्ल नको, ताप कमी. अडचण एवढीच की पेरॉक्साइड जास्त झालं तर ते एन्झाइमलाच खातं, म्हणून ते थेंबाथेंबाने सोडावं लागतं.

आणि संत्रं. सालीच्या तेलात मुख्य वाटा लिमोनिनचा, त्या ओळखीच्या वासाचा. लिमोनिनमध्ये दोन दुहेरी बंध आहेत. जर्मनीत फ्रायबुर्ग विद्यापीठात रोल्फ म्यूलहाउप्ट यांच्या गटाने २०१२ साली लिमोनिनचं दुहेरी इपॉक्साइड घेऊन, त्यात कार्बन डायऑक्साइड घालून लिमोनिन डायकार्बोनेट बनवलं आणि अमाइनांशी जोडून आयसोसायनेटशिवायचं पॉलियुरेथेन मिळवलं. लिमोनिनवर लायपेजच्या मदतीने इपॉक्साइड बसवणंही प्रयोगशाळांत झालं आहे. अमाइनसुद्धा एन्झाइमकडून मिळू शकतं: लायसिन या अमिनो आम्लातून लायसिन डीकार्बॉक्सिलेज कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि पेंटेनडायअमाइन उरतं. जर्मनीची कोव्हेस्ट्रो कंपनी पीक-शर्करेपासून मिळवलेल्या याच अमाइनचं आयसोसायनेट करून लेपांसाठी विकते. तिथे फॉस्जीन आहे. पण तेच अमाइन कार्बोनेटला दिलं तर तेही टळतं.

संत्र्याच्या सालीची गादी होणार, असं वाचून कुणी बागायतदार हरखून जाऊ नये म्हणून हिशोबही मांडतो. एक टन फळामागे सालीचं तेल काही किलोच निघतं. ब्राझीलमध्ये लिमोनिन स्वस्त आहे, कारण तिथे रसाचे प्रचंड कारखाने आहेत आणि साल एका जागी पडते. आपलं नागपुरी संत्रं ताजं खाल्लं जातं; त्याची साल दिल्लीच्या, कोलकात्याच्या घराघरांत जाते. आपल्याकडे एका जागी पडतं ते फळगळीचं फळ. आंबिया बहाराची फळगळ ज्या वर्षी जोर करते त्या वर्षी झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडतो, आणि रोग-किडीचा प्रसार होऊ नये म्हणून ती वेचून पुरायला सांगितलं जातं. हिरव्या सालीतही तेल असतंच. वेचण्याची मजुरी तशीही द्यायची असेल तर बोरगावला एक लहान बाष्पऊर्ध्वपातनाचं भांडं उभं राहू शकतं का, एवढा हिशोब नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या शेजारी राहणाऱ्या जिल्ह्याने करून पाहावा असं मला मनापासून वाटतं. ते तेल आधी सुगंध आणि सफाईच्या द्रवांसाठी विकलं जाईल. पॉलियुरेथेन ही नंतरची पायरी.

या आयसोसायनेटमुक्त पॉलियुरेथेनमध्येही उणिवा आहेत. कार्बोनेट आणि अमाइनची क्रिया संथ. साखळ्या हव्या तितक्या लांब होत नाहीत. आणि पाण्यातून कार्बन डायऑक्साइड सुटत नसल्याने फोम फुगवायला दुसरी सोय करावी लागते. लेप, चिकट पदार्थ यांत ते लवकर येईल. गादीत यायला वेळ आहे.

बांधण्याइतकाच तोडण्याचा प्रश्न मोठा आहे. जुनी गादी कुजत नाही. पॉलियुरेथेन खाणाऱ्या बुरशीच्या बातम्या अधूनमधून येतात. २०११ साली येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी इक्वेडोरच्या जंगलातून आणलेली पेस्टालोशिऑप्सिस ही त्यातली गाजलेली. पण त्या बहुतेकींत एन्झाइम पॉलिएस्टर पॉलिऑलचा एस्टर तोडत असतं, युरेथेन जागेवरच राहतो. गादीचा मऊ फोम बहुधा पॉलिईथरचा असतो. त्यात एस्टर नाहीच, मग बुरशीने तोडावं काय? २०२३ साली जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात उवे बोर्नशॉयर यांच्या गटाने कोव्हेस्ट्रोसोबत खरीखुरी युरेथेनेजं जाहीर केली. पॉलियुरेथेन अनेक वर्षं पुरलेल्या मातीतल्या जीवाणूंचा डीएनए चाळून ती सापडली. त्यांच्या खाचेत सेरीन-हिस्टिडीनची नेहमीची जोडी नाही. दोन सेरीन आणि एक लायसिन आहे. कार्बामेटची अडकलेली गाडी सोडवणारी रचना शेवटी अशी वेगळी निघाली. फोम आधी ग्लायकॉलमध्ये तापवून विरघळवायचा आणि उरलेले लहान कार्बामेट या एन्झाइमने तोडायचे. मिळतं ते मूळ अमाइन. त्याचं पुन्हा आयसोसायनेट करायचं तर फॉस्जीनकडे परत जावं लागतं, एवढी गाठ अजून सुटायची आहे.

एन्झाइमला कारखान्यात कामाला लावणं महाराष्ट्राला नवं नाही. पेनिसिलीनपासून पुढची प्रतिजैविकं बनवायला जो मधला रेणू लागतो, तो पूर्वी शून्याखाली ४० अंशांच्या गारठ्यात फॉस्फरस पेंटाक्लोराइड वापरून काढत. तेच काम पेनिसिलीन ॲसिलेज हे एन्झाइम कोमट पाण्यात करतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या एन्झाइमवर दीर्घकाळ काम झालं आणि ते पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पोचलं. आज जगभर तीच पद्धत चालते. औषधात हे जमलं कारण औषध महाग विकलं जातं आणि एन्झाइमचा खर्च त्यात मुरतो. फोम किलोवर विकला जातो. राळेच्या मण्यांवरचं लायपेज महाग आहे, आणि ते शेकडो वेळा फिरवून वापरता आलं तरच पॉलिऑलच्या भावात बसतं. त्यामुळे उद्योगाने सुरुवात केली तर ती गादीत होणार नाही. शरीरात बसवायच्या वैद्यकीय नळ्या, जखमेवरचे पट्टे, लहान मुलांच्या वस्तू, जिथे कथिलाचा अंश अजिबात नको आणि दोन पैसे जास्त द्यायला गिऱ्हाईक तयार आहे, तिथे होईल. एन्झाइमचे कारखाने नाशिक जिल्ह्यात आहेत आणि इंदूरजवळच्या पीथमपूरलाही आहेत. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा, चाळीस वर्षं पडून राहिल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये जाळण्यासाठी नेला तोही पीथमपूरलाच. जूनअखेरपर्यंत तो जाळून झाला. त्याची राख आणि भोपाळच्या जमिनीत मुरलेलं विष यांचं काय करायचं, हे काम अजून बाकी आहे.